नाटकवाल्याच्या पेटीवर

नाताळाच्या आदल्या आठवड्यात वडशाच्या मैदानावर तीन चर्चच्या मंडळ्यांनी मिळून गायचं ठरलं, तेव्हा आईचं छातीचं दुखणं बळावलं होतं. तरी ती जाणारच म्हणाली. तिथं मावशी येणार होती.

दोघी बहिणी एकाच चर्चच्या बाकावर गाणं शिकलेल्या. आई खालचा सूर धरायची, मावशी वरचा. लग्नानंतर मावशीनं नदीत बुडी घेऊन पुन्हा बाप्तिस्मा घेतला आणि ती टाळ्या वाजवत गाणाऱ्या मंडळीत गेली. भांडण झालं नाही. येणंजाणं राहिलं. फक्त जेवायला बसताना दोघी डोळे मिटून मनातच प्रार्थना करायच्या. मोठ्यानं म्हणायची तर कुणाच्या रीतीनं, हा प्रश्न आला असता. गाणंही त्याच संकोचानं सुटलं.

मैदान कुणाच्याच चर्चचं नव्हतं, म्हणून आईला हा कार्यक्रम हवा होता. "एक डाव तिच्यासंग गाऊ दे मले," ती म्हणायची, "मंग डॉक्टर म्हणन तसं."

तिसरी मंडळी फादरांची. पेटी कोणाची घ्यायची, यावर बैठक अडली. "तुमचीच राहू द्या," असं प्रत्येक जण दुसऱ्याला म्हणत होता आणि मनातून ते कुणालाच नको होतं. शेवटी हिवाळ्याच्या नाटकांसाठी गावात उतरलेल्या एका मंडळाचा पेटीवाला ठरला. तो कुणाच्याच बाजूचा नव्हता. सगळ्यांना हायसं वाटलं.

तालमी आपापल्या चर्चमध्ये, आपापल्या पट्टीत झाल्या. त्यातली कोणती धरायची, हे पेटीवाल्याला सांगायचं कुणाला सुचलं नाही. त्यानं एकदा मैदानभर नजर फिरवली आणि शेवटच्या माणसापर्यंत आवाज पोचावा म्हणून नाटकात लावतात तशी उंच पट्टी लावली. तरुण पोरींनी ती सहज उचलली. मी आईच्या मागे उभी होते. पहिल्या ओळीला तिनं श्वास घेतला, दुसऱ्या ओळीला पुन्हा घेतला. त्यानंतर ती नुसते ओठ हलवत राहिली. मावशी रांगेच्या पार दुसऱ्या टोकाला होती.

गाणं संपलं, भाषणं सुरू झाली. मावशीच्या मंडळीची गाडी निघायच्या घाईत होती. तिनं लांबूनच हात केला.

ऑटोत आई म्हणाली, "लय उंच लावली बा त्यानं." मग घराच्या वळणावर, "तिले वाटलं असन, मी गायलीच नाई."

"पुढच्या वर्षी आधीच सांगून ठेवू," मी म्हणाले.

"हो," आई म्हणाली.

उन्हाळा लागता लागता ती गेली. मातीनंतर मावशी काही दिवस आमच्याकडे राहिली. एका सकाळी ओसरीत मेथी निवडताना मी तिला सांगितलं, की मैदानावर आई नुसते ओठ हलवत होती. तिचे हात थांबले. आईला ती 'बाई' म्हणायची.

"मले का मालूम," ती म्हणाली. "मी तं दुसऱ्याच ओळीत चूप झाली होती. म्हटलं, बाईचा आवाज कुठून येते ते पाहू. मंग शेवटपर्यंत आयकतच राह्यली."

"म्हणजे तूही गायली नाहीस?"

"नाई ना."

"मग इतक्या वर्षांत घरी का नाही गायलात गं?"

मावशीनं काड्या पदरातून झटकल्या. "मले वाटे, बाई म्हणन, गाऊ. तिले वाटत असन, मी म्हणन."

आणि ती पुन्हा पानं खुडायला लागली.