मेंदूच्या सुजेवाल्या मॅडम

"पाय सुजतो ना, तसा मेंदूपण सुजतो. फक्त चप्पल घट्ट होत नाही, म्हणून कळत नाही."

मॅडमचं हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलं की झोपेतही म्हणून दाखवीन. म्हणताना त्या दोन्ही हातांनी स्वतःचं डोकं धरायच्या, बाजारात आपण टरबूज धरून पाहतो तसं. गावातल्या बाया हसायच्या. मग मॅडमही हसायच्या, आणि बाया रक्त द्यायला हात पुढे करायच्या. तुम्हीही केला असता. मी तर त्या बाईवर जीवच टाकला होता.

दोन हजार साल नुकतंच उलटलं होतं. मी तालुक्याच्या दवाखान्यात लॅब टेक्निशियन. रक्त काढायचं, काचपट्टी पाहायची, मलेरिया आहे की नाही ते सांगायचं, एवढं माझं काम. गावचे लोक मला सिस्टर म्हणत. दुरुस्त करायचा नाद मी केव्हाच सोडला होता. मॅडम पुण्याकडून आल्या. मेंदूच्या संशोधक. इतकी शिकलेली बाई आपल्या दवाखान्यातल्या मोडक्या स्टुलावर बसून आपल्याच डब्यातली भाकर मागून खाते, याचंच मला केवढं कौतुक!

त्यांचा अभ्यास असा. माणूस एकदा घाबरला तर शरीर सांभाळून घेतं. रोजच घाबरत राहिला तर त्या ताणानं मेंदूत बारीक सूज धरते. झोप उडते, आठवण जाते, कशात मन लागत नाही. त्या सुजेच्या खुणा रक्तात सापडतात का, हे त्यांना पाहायचं होतं. आणि रोज घाबरणारी माणसं कुठे मिळतील, तर आमच्याकडे. चिमूरकडच्या जंगलाला लागून असलेल्या एका गावातली माणसं वाघानं नेली होती, आणि तरी बाया मोहफुलं वेचायला, तेंदूपत्ता तोडायला त्याच जंगलात जात होत्या. गावाचं नाव सांगत नाही. त्या गावाला आधीच त्रास कमी नाही.

रक्तासोबत थुंकीही लागायची, सकाळी उठल्या उठल्या, तंबाखू-सुपारीचा खर्रा तोंडात टाकायच्या आधी. आमच्याकडे उठल्यावर खर्रा न खाता बसायचं म्हणजे केवढी शिक्षा! बाया मला म्हणत, "काऊन वो सिस्टर, तुह्या मॅडमच्या गावात थुका नाई मिळत का? इतक्या दुरून न्यायले आली!" मी ते मॅडमला समजावून सांगितलं तर त्या पोट धरून हसल्या. नळ्या गार ठेवायला मासोळीवाल्याकडून बर्फ घ्यायचा. एसटीत डब्याचा वास आला की कंडक्टर म्हणायचा, मासोळीचं लगेज लागते. मॅडम मुकाट्यानं लगेजचं तिकीट घ्यायच्या. "मेंदू म्हटलं तर तो आपल्याला खाली उतरवेल गं," माझ्या कानात सांगायच्या.

त्या गावात सकुन होती. जातीनं धीवर. नवरा तलावात जाळं टाकायचा. तलावाच्या पाळीवरून, म्हणजे बांधावरून, वाघानं त्याला नेलं. तेव्हापासून सकुन भाजीत दोनदा मीठ टाकायची, बोलता बोलता गप्प व्हायची. गावात लोक डोक्याकडे बोट दाखवून तिच्याबद्दल बोलत. तिनं मॅडमला पहिल्याच भेटीत विचारलं, "बाई, मी पागल नाई ना?"

मॅडमनी तिचा हात हातात घेतला. "नाही हो. तुमचा मेंदू दमलाय, सुजलाय. यात तुमचा काही दोष नाही."

सकुन ओक्साबोक्शी रडली. नवरा गेल्यावरही ती अशी रडली नव्हती, असं तिची जाऊ मला म्हणाली. त्या दिवसापासून मॅडम म्हणजे सकुनसाठी देव. आणि खोटं कशाला बोलू, माझ्यासाठीही.

आता घोळ कुठे झाला ते सांगते. मॅडमच्या प्रश्नांत एक प्रश्न होता : वाघाची भीती वाटते का? मी एकेकीला विचारत गेले आणि एकूण एक बाई म्हणाली, "नाई." मॅडम चक्रावल्या. रात्री झोप नाही, पान हललं तरी छातीत धडधड, आणि भीती नाही म्हणतात!

मी म्हटलं, अहो, तसं नाही. जंगलात जाणारी बाई त्याचं नाव घेत नाही. 'मोठा' म्हणते, नाहीतर नुसतं 'तो'. आणि त्याचं भेव वाटते हे तर तोंडातून काढायचंच नाही. काढलं की त्याला घरी बोलावल्यासारखं होतं. जी बोलते तिच्यासोबत मग कोणी जंगलात जात नाही. या 'नाई'चा अर्थ तुम्ही 'हो' असाच धरा.

मॅडमनी सगळं नीट ऐकलं. समजलंही त्यांना, याबद्दल मला आजही शंका नाही. पण म्हणाल्या, "मी मोठ्या लोकांपुढे कसं सांगू? एकीनं तरी तोंडानं बोलायला हवं."

त्या हे बोलल्या तेव्हा सकुन तिथेच बसली होती. उठून उभी राहिली, सगळ्या बायांसमोर, आणि म्हणाली, "लिवा. मले वाघाचं भेव वाटते. लय वाटते."

तिच्या जावेनं कपाळावर हात मारला. दोघीतिघी उठून चालत्या झाल्या. मॅडमनी मात्र सकुनला जवळ घेतलं. "तुमच्या या एका वाक्यानं सगळ्यांचं काम होईल," म्हणाल्या.

काम म्हणजे काय, तर तालुक्याला जंगलखात्याच्या साहेब लोकांची बैठक होती. बायांची मागणी साधीच होती. मोहाच्या दिवसांत पहाटे सोबत दोन माणसं द्या, नुसते डबे वाजवणारे का असेनात. मॅडम आपला अभ्यास तिथे मांडणार होत्या. रक्ताचे निकालही तोवर आले होते. बैठकीला जाताना जीपमध्ये त्यांनी मला सांगितलं, "सगळ्यांच्या रक्तात खुणा आहेत गं. एकही सुटली नाही." मला इतका आनंद झाला की लाज वाटली, आजाराचा कोणाला आनंद होतो का?

बैठकीत मॅडम उठल्या. बोलणं नेहमीसारखंच गोड. म्हणाल्या, या स्त्रिया जंगलात वाढलेल्या, फार खंबीर आहेत. वाघाची भीती वाटत नाही, असं त्यांनी स्वतःच सांगितलं आहे. फक्त एक बाई वाटते म्हणाली, पण तिचा नवरा गेलेला आहे, तिचं मन स्थिर नाही. तिचं उत्तर आपण धरलेलं नाही.

रक्ताबद्दल एक अक्षर नाही. मोठे साहेब खूश झाले. भीतीच नाही तर सोबत कशाला, असं म्हणून त्यांनी विषय संपवला. मॅडमच्या पुढच्या कामाची परवानगी याच साहेबांच्या सहीवर अडली होती, हे मला चहाच्या वेळी कळलं. कप तसाच ठेवून मी बाहेर आले.

पायऱ्यांवर मी त्यांना गाठलं. "मॅडम, रक्ताचं काय?"

"अगं, ते अजून पक्कं म्हणता येत नाही. आणि अभ्यासच बंद पडला तर या बायकांचं कोण मांडणार?"

"आज मांडलं तसं?"

त्या पर्समध्ये चष्मा शोधू लागल्या. चष्मा डोळ्यांवरच होता. मग माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाल्या, "तू फार मनाला लावून घेतेस. असा ताण करून घेऊ नये."

काय बोलावं या माणसाला! त्या जीपमध्ये बसून गेल्या. पुढचं काम त्यांनी दुसऱ्याच जिल्ह्यात केलं म्हणे. आमच्याकडे पुन्हा कधी फिरकल्या नाहीत. मला त्यांची आठवण येते. हसणं आठवतं, माझ्या डब्यातली भाकर मोडताना आठवतात, आणि त्याचा मला जास्त राग येतो. ज्याच्याकडून अपेक्षाच नाही तो काय दगा देणार?

मोह पडायला लागला तेव्हा मलेरियाच्या काचपट्ट्या घ्यायला मी त्या गावात गेले. सकुन अंगणात फुलं वाळत घालत होती. एकटीच. बाया तिला सोबत नेत नव्हत्या. त्यांच्या मागून, बरंच अंतर ठेवून ती जायची. मला पाहून उठली, पाणी दिलं, आणि आधी तेच विचारलं.

"मॅडमनं सांगतलं ना मिटिंगमंधी? माहं बोलणं?"

खोटं बोलता आलं असतं. माझ्यानं बोलवलं नाही. "नाही सकुन. तुझं धरलं नाही त्यांनी. बायांना भेव नाही असंच सांगितलं." मन स्थिर नाही म्हणाल्या, तेवढं मात्र मी गिळलं.

सकुन खाली बसली. फुलं पसरत राहिली. पसरलेलीच पुन्हा पसरत राहिली. मग माझ्याकडे पाहून, अगदी हळू आवाजात म्हणाली, "मंग मले बोलाले काऊन लावलं?"

मी रक्त काढणारी बाई. मला काय माहीत?

तिनं रिकामी टोपली उचलली. दूरच्या झाडाखाली अजून फुलं असतील म्हणाली, आणि जंगलाच्या वाटेनं एकटी निघून गेली.