मूठभर पेंढा

रत्नागिरीच्या बागायतदारांचा माल परदेशातल्या प्रदर्शनांत मांडायचा आणि त्याला गिऱ्हाईक मिळवून द्यायचं, हे माझं काम. लोकांना वाटतं, काय मजा आहे हिची, फुकटात जग बघते. मजा कसली डोंबलाची. दिवसभर टेबलामागे उभं राहून हापूसच्या फोडींना काड्या टोचायच्या आणि सालीसकट चावणाऱ्या गोऱ्या माणसाला हसून सांगायचं, साल काढा हो. संध्याकाळी पाय इतके सुजतात की बुटातून निघत नाहीत.

अशाच एका प्रदर्शनात युरोपातल्या एका व्यापाऱ्याने काकींचा आंबा खाल्ला आणि बोलता बोलता थांबला. काकी म्हणजे पावसजवळच्या एक बागायतदार. नात्यातल्या नव्हेत, पण सगळेच त्यांना काकी म्हणतात. नवरा गेल्यापासून बाग एकट्या बघतात. व्यापारी म्हणाला, एक खेप नमुन्याला पाठवा, नीट पोचली तर पुढच्या हंगामापासून यांचा सगळा आंबा मी घेतो.

परत आल्यावर तडक पावसला जाऊन मी हे काकींना सांगितलं. भाव काय देणार, हे त्यांनी विचारलंच नाही. म्हणाल्या, "म्हणजे तो येईल?"

तो म्हणजे त्यांचा एकुलता एक मुलगा. कित्येक वर्षं कुवेतला क्रेन चालवतो. बागेला कायमचं गिऱ्हाईक मिळालं तर येतो, एरवी तिथे येऊन काय करू, असं तो एकदा फोनवर बोलला होता. तेवढ्या एका वाक्यावर काकी दिवस काढत होत्या.

"येईल की," मी म्हटलं. "न येऊन सांगतो कोणाला?" माझं तोंड हे असं, विचार नंतर येतो.

मालाच्या तयारीत मी सगळ्यांच्या डोक्याला नुसती भुणभुण लावली होती. फळ डागी नको, देठ नीट कापा, आणि मुख्य म्हणजे पेटीत गवताची काडी जाता कामा नये. गवतातून किडे जातात म्हणून तिकडे ते अजिबात चालत नाही. आता आमच्याकडे आंबा पिकतो तोच पेंढ्यात. भाताचा पेंढा पसरायचा, त्यावर आंबे, त्यावर पुन्हा पेंढा, ही आमची अढी. मुंबईच्या पेटीतसुद्धा खाली-वर पेंढा हवाच. पेंढ्याशिवाय आंबा म्हणजे तान्हं पोर दुपट्याशिवाय जमिनीवर ठेवल्यासारखं.

माल भरायच्या दिवशी काकी हट्टाने पेट्या भरायच्या शेडवर आल्या. डोक्याला प्लॅस्टिकची टोपी, हातात मोजे. एकेक आंबा पांढऱ्या फोमच्या जाळीत घालताना त्यांचं तोंड कडू झालेलं.

"ह्यात ऊब कुठली गो बाय? विमानात म्हणे बर्फासारखी थंडी."

"काकी, आंबे चाललेत. लेक सासरी नाही चालली."

त्या हसल्या. मला वाटलं, पटलं.

शेवटची पेटी त्यांच्यासमोर होती. त्यांनी इकडेतिकडे पाहिलं, कमरेला खोचलेला पदर सोडला आणि मूठभर पेंढा काढून जाळ्यांच्या खाली सरकवला. घरच्या माळ्यावरचा असणार. वरून दोनदा थोपटलं. ओठ हलत होते.

मी चार पावलांवर होते. मी स्वच्छ बघितलं.

गप्प बसणारी बाई मी नव्हे. त्याच सकाळी साध्या चिकटपट्टीवरून मी एकीला रडवलं होतं. पण तपासणारे अधिकारी सही करून चहाला गेले होते, गाडी दारात सुरू होती, आणि पेटीत पेंढा निघाला म्हटलं की पुन्हा सगळी तपासणी आणि विमान चुकणार. शिवाय काकींचा चेहरा. एका मुठीने काय होतंय, असं म्हणून मी दुसरीकडे बघितलं. पेटीला पट्टी लागली.

आठवडा झाला नाही तोवर तिकडच्या विमानतळावरून ईमेल आलं. एका पेटीत पेंढा, पेंढ्यात जिवंत किडा, सगळी खेप जाळली. व्यापाऱ्याच्याही दोन ओळी होत्या, क्षमस्व, पुढे जमणार नाही. मी सकाळच्या एसटीने पावसला गेले.

काकी पायरीवर बसून ऐकत होत्या. "एकाच पेटीत ना? मग बाकीचे का जाळले?"

मी नियम सांगितला. मग काकी म्हणाल्या, "जाळायच्या आधी कोणी एखादा खाल्लान तरी का?"

"नाही, काकी."

"माझ्याच हाताने मी पोराला तिकडे ठेवलं गो." आणि तोच उजवा हात त्यांनी पायरीवर आपटला. एकदा, मग पुन्हा. मी तो धरला. मी बघितलं होतं काकी, मीच थांबवलं नाही, हे बोलायची ती वेळ होती. मी म्हटलं, "असू दे. पाणी आणू का?"

मुलाने कुवेतचा करार वाढवून घेतला. मला त्याचा फोन आला. "ताई, आईला काही बोलू नका. पण तुम्ही होतात ना तिथे? तुमचं लक्ष नव्हतं का?"

"नव्हतं रे," मी म्हटलं. तो बरं म्हणाला. मला माझी इतकी लाज कधी वाटली नव्हती.

यंदा हंगामात काकींकडे गेले. पडवीत गडी अढी घालत होते. एरवी त्यांच्या घरात अढीला दुसऱ्या कोणाचा हात लागलेला काकींना खपायचा नाही. आता त्या भिंतीला टेकून, दोन्ही हात पदराखाली घेऊन बसल्या होत्या.

"तुम्ही नाही घालत?" मी विचारलं.

"नको गो बाय. माझा हात नको त्याला."

त्यांनी मला चहा मागवला. मी शेजारी बसून तो सगळा प्यायले, आणि तेव्हाही सांगितलं नाही.