अल्गोटला सोडून गेलेला समुद्र

आमच्या नॉर्रविक गावात अल्गोटच्या घराला 'किनारा' म्हणतात, आणि त्या घरातून समुद्र दिसत नाही. नवा पोस्टमन आला की पहिल्याच आठवड्यात हमखास विचारतो, "अहो, कसला किनारा?" अल्गोट म्हणतो, "बर्चच्या झाडांचा. पत्रं ठेव आणि नीघ."

त्याच्या आजोबांनी घर बांधलं तेव्हा लाटेचं पाणी पायरीपर्यंत यायचं. घर तिथंच राहिलं, समुद्र निघून गेला. आमच्याकडे हे असंच चालतं. मी गावातल्या शाळेत सहाच इयत्ता शिकलो, पण आमच्या बाईंनी एक गोष्ट डोक्यात पक्की बसवली. कोणे एके काळी या देशावर कोसभर जाडीचा बर्फ होता. त्याच्या ओझ्यानं जमीन दबली. बर्फ वितळून हजारो वर्षं झाली, तरी ती अजून वर येतेय, आमच्या भागात वर्षाला आठ-नऊ मिलिमीटर. अल्गोट आणि मी एका बाकावर बसायचो. त्यानं हात वर केला.

"बाई, म्हणजे आपणसुद्धा वर चाललोय?"

"हो, अल्गोट."

"मग पाद्रीबाबांना पगार कशाला द्यायचा?"

त्या दिवशी त्याला कोपऱ्यात उभं केलं. मी हसलो म्हणून मलाही.

आठ मिलिमीटर ऐकायला काहीच नाही. पण आमची उथळ खाडी म्हणजे ताट. ताट जरा कललं की पाणी किती सरकतं ते बघा. लढाई न करता, कुणाला न मारता, या देशाला दरवर्षी सातेक चौरस किलोमीटर नवी जमीन मिळते. असा दुसरा देश दाखवा मला! शिवाय हिवाळ्यात समुद्र गोठला की त्यावरून मोटारी जातात, आणि तेव्हा पट्टा बांधायचा नसतो, सोडायचा असतो, म्हणजे बर्फ फुटला तर पटकन बाहेर पडता येतं. आणि वर उत्तरेला जुनी माणसं अंतर कसं मोजायची, तर रेनडिअर न मुतता जेवढं चालेल तेवढं. हे मी माझ्या मनचं सांगत नाही.

पण मी अल्गोटचं सांगत होतो.

समुद्र सरकला की त्याच्या मागोमाग होड्यांच्या खोपी सरकायच्या, ही आमची रीत. आजोबांची खोपी नातवाच्या काळात लाकडं ठेवायला होते आणि नातू पाण्याजवळ नवी बांधतो. मधे जी नवी जमीन उगवते, ती मागच्या घरवाल्याची नसते बरं का. पाणी गावकीचं होतं, म्हणून पाण्यातून वर आलेली जमीनही गावकीची. गावकीत ज्यांचे वाटे आहेत, ती सगळ्यांची सामाईक. त्यामुळे किनाऱ्यावरचा माणूस जागचा न हलता आत ढकलला जातो.

अल्गोटच्या बापाचं, एव्हर्टचं, काय झालं ते ऐका. एक्कावन्न सालच्या मार्चमध्ये त्याची घोडी बर्फातून खाली गेली, लाकडांच्या घसरगाडीसकट. घोडीशिवाय जंगलातलं काम नाही. माझ्या बापाकडे दोन होत्या. एव्हर्टनं वरचं शेत दिलं आणि एक घोडी घेतली. खरेदीखत लिहिणाऱ्या कारकुनानं विचारलं, "गावकीतला वाटा शेताबरोबर द्यायचा की घराकडे ठेवायचा?"

एव्हर्ट म्हणाला, "चिखल कोण ठेवतो? पाणी तर निघालंच आहे. घेऊन टाक रे, तुझ्या बेडकांना होईल."

माझा बाप पोट धरून हसला. आमच्या घरी ही गोष्ट दर नाताळाला सांगितली जायची, आणि एव्हर्टच्या बेडकांवर आम्ही सगळे हसायचो. मीसुद्धा. आमच्याकडे एकाचे दोन वाटे झाले, आणि 'किनारा' घराकडे शून्य. त्याचं कुणाला काही वाटलं नाही. अल्गोटची खोपी खाडीच्या तोंडाशी होती, तो मासे धरायचा, कुणी त्याला वाटा विचारत नव्हतं. उलट मे महिन्यात, होड्यांना वाट राहावी म्हणून, सगळा गाव खाडीतला चर उपसायला उतरायचा तेव्हा अल्गोट सगळ्यांच्या पुढे, कमरेइतक्या गाळात. त्याची बहीण हिल्दूर किटलीभर कॉफी घेऊन काठावर उभी राहायची आणि ओरडायची, "अल्गोट, जरा मागे राहा, त्यांना पण थोडा समुद्र उपसू दे!"

चाळीस वर्षं त्यानं असा चर उपसला. लग्न केलं नाही. विचारलं तर म्हणायचा, "माझ्या होडीत दोघांना जागा नाही." होडी त्यानं स्वतः बांधलेली, डांबर लावून काळी केलेली. दिवसाला एकदा ती पाण्यावर गेली नाही तर तो जेवताना कुणाशी बोलत नसे, असं हिल्दूर सांगायची.

मग दोन हजार आठ सालच्या शरदात गावकीचा प्रमुख वेर्नर नकाशा घेऊन घरोघर फिरला. वेर्नर आमच्यापेक्षा वीस वर्षांनी लहान, पण कागदपत्रांत हुशार. खाडीचा चर आता उपसून उपयोग नाही, बाहेरच्या टोकाशी नवं बंदर करायचं, तिथं होड्यांच्या खोपींसाठी जागा आखायच्या. एका वाट्याला एक जागा. ज्याचा वाटा नाही त्याला जागा नाही, नाहीतर उद्या शहरातले सगळे मोटारबोटवाले येऊन बसतील.

दुसऱ्या दिवशी अल्गोट सायकलवरून माझ्याकडे आला. आत आला नाही. सायकल धरूनच उभा राहिला.

"रुनार, तुझ्या दोन जागा होतात."

"होतात खऱ्या."

"मला एक लागेल. चार मीटर रुंद पुरे. खोपी मी बांधीन."

"अरे, मागायला काय आलास? ये, कॉफी घे."

"कॉफी नको. सभेत बोलशील का? तू बोललास तर वेर्नर ऐकेल. मला मत नाही, मला तिथं बसूही देणार नाहीत."

"बोलतो म्हणजे काय! तुझ्या बापाचाच वाटा तो."

"ते काढू नकोस," तो म्हणाला. "विकला तो विकला. मी जागा मागतोय, बापाचा चिखल नाही."

तो गेला, आणि मी स्वयंपाकघरात बसून राहिलो. कारण दुसरी जागा मी आधीच कबूल करून बसलो होतो. माझा जावई योरान समुद्रापलीकडे स्वीडनमध्ये राहतो, उन्हाळ्यात तीन आठवडे येतो, पांढरी बोट घेऊन. मुलगी फोनवर म्हणाली होती, "बाबा, योरान इतका खूश आहे!" आता तिला काय सांगायचं? म्हटलं, सभेत बघू. सभेत काहीतरी सुचेल. मला बोलायला कधी कमी पडलंय?

सभा शाळेच्या खोलीत भरली, शाळा बंद होऊन बरीच वर्षं झाली होती. वीस-बावीस माणसं. वेर्नरनं नकाशा फळ्यावर टाचला, नियम वाचला, आणि विचारलं, "कुणाला काही म्हणायचंय? रुनारकाका, तुम्ही हात वर केलात."

केला होता. उठलो. सगळे माझ्याकडे वळले, चेहऱ्यांवर आधीच हसू, कारण मी उठलो की गोष्ट येते हे सगळ्यांना माहीत. आणि तोंड उघडलं तर गोष्टच आली. वासा शहर जळालं त्याची. अठराशे बावन्नची. एका घराला आग लागली आणि सगळं शहर राख झालं. मग लोक म्हणाले, तसाही समुद्र लांब गेलाय, जहाजं बंदरात येत नाहीत, तर इथं कशाला बांधायचं? आणि अख्खं शहर सात किलोमीटर उचलून समुद्रामागे नेलं! जुन्या चर्चच्या भिंती अजून रस्त्याकडेला उभ्या आहेत. "अख्खं शहर समुद्राच्या मागे धावतं," मी म्हणालो, "तर आपण नॉर्रविकवाले काय चीज!"

लोक हसले, टाळ्या पडल्या. माझ्या मनात होतं की आता इथून अल्गोटवर यायचं. शहराला जाऊ दिलं तर एका माणसाला का नाही, असं म्हणायचं. इतकी चांगली उडी होती ती! पण टाळ्या चालू असतानाच वेर्नर म्हणाला, "छान बोललात काका, म्हणजे तुमचाही पाठिंबा," आणि नियम मंजूर म्हणून हातोडी आपटली. मला बसायला जागा दिली कुणीतरी. मी बसलो.

अल्गोट बाहेर सायकलपाशी थांबला होता. उघड्या खिडकीतून त्यानं सगळं ऐकलं होतं.

"गोष्ट चांगली सांगितलीस," तो म्हणाला, आणि गेला.

पुढच्या मेमध्ये चर उपसायला कुणी आलं नाही. अल्गोट एकटा उतरला, वयाच्या बहात्तराव्या वर्षी. मी रस्त्यावरून पाहिलं. लव्हाळ्यात त्याची टोपी तेवढी दिसत होती. हिल्दूर काठावर उभी होती, ओरडत नव्हती. अकराव्या दिवशी त्याला छातीत कळ आली आणि तिनं त्याला गाळातून ओढून काढलं, त्याच्याच जाळ्याच्या दोरानं. तो इस्पितळात असताना नगरपालिकेचे लोक आले आणि रस्त्याकडेला तपकिरी पाटी लावून गेले, 'जुनी समुद्ररेषा'. खाली होडीचं चित्र. बाणाचं टोक अल्गोटच्या खोपीकडे. जूनपासून बसगाड्या थांबू लागल्या. लोक खोपीच्या फटींतून आत बघायचे, डांबराचा वास घ्यायचे, काळ्या होडीचे फोटो काढायचे.

इस्पितळातून आल्यावर एकदा अल्गोट खोपीपुढच्या बाकावर बसला होता. एका बाईनं त्याला विचारलं, "हे किती जुनं आहे? कोण वापरायचं?"

"एक कोळी होता," अल्गोट म्हणाला.

हे हिल्दूरनं मला दुकानात सांगितलं, सगळ्यांसमोर, मोठ्यानं. "तुझा दोस्त स्वतःला होता म्हणायला लागलाय, रुनार. त्यावर एक गोष्ट सांग की."

त्या दुपारी मी मुलीला फोन केला, दुसरी जागा योरानला देता येणार नाही म्हणालो. ती रडली, योरान आठ महिने बोलला नाही. मग वेर्नरकडे गेलो आणि म्हणालो, वाटा 'किनारा' घराकडे परत वळवायचाय. भूमापक आला, कागद झाले, सह्या झाल्या. याला वर्षभर लागलं, कारण आमच्या देशात जमीन भराभर वर येते, कागद येत नाहीत.

पुढच्या ऑगस्टमध्ये मी अल्गोटला ट्रॅक्टरवर बसवून नव्या बंदराकडे नेलं. होडी मागच्या गाडीवर. वाटभर मी बोलत होतो. शेवटच्या रिकाम्या जागेवर लाल रंगाची खुंटी ठोकलेली होती, त्यावर त्याच्या घराचं नाव. तो खाली उतरला, वल्हं हातात घेऊन पाण्यात गेला, तळाला टेकवलं, वर काढून ओल कुठवर आली ते पाहिलं. मग बोटांनी काहीतरी मोजलं.

"पंधरा वर्षं," तो म्हणाला. "त्यानंतर इथंही गाळ."

"पंधरा वर्षांनी आपण नव्वदीला टेकलेले असू, अल्गोट."

तो हसेल असं मला वाटलं होतं. त्यानं होडीचे दोर सोडले. आम्ही दोघांनी ती पाण्यात ढकलली, माझे बूट आतून भिजले. आत चढण्याआधी छातीवर हात ठेवून तो बराच वेळ उभा राहिला. मी पुढं झालो.

"येऊ का बरोबर? एकट्यानं वल्हवू नकोस, डॉक्टर म्हणालेत."

"दोघांना जागा नाही, रुनार," तो म्हणाला. आवाजात राग नव्हता, तेच मला जास्त लागलं. "तू ट्रॅक्टर घेऊन जा. हिल्दूरला सांग, संध्याकाळी येईन चालत."

तो हळूहळू वल्हवत टोकाच्या पलीकडे गेला, दर थोड्या वेळानं थांबत. मी गेलो नाही. ट्रॅक्टरच्या पायरीवर बसून त्याचं वल्हं पुन्हा हललं की नाही ते मोजत राहिलो, आणि तेवढा वेळ मला एकही गोष्ट आठवली नाही.