बाबांच्या बाजूचा ब्रेक

वारज्यातल्या निम्म्या लोकांना गाडी शिकवणारे रंगनाथ पानसे, म्हणजे माझे बाबा, स्वतःच्या मुलीला मात्र शिकवू शकले नाहीत. मी कॉलेजात असताना प्रयत्न झाला होता. तिसऱ्याच दिवशी, कर्वे रस्त्यावर, "मैत्री, तो क्लच आहे, पायपुसणं नाही!" असं ते ओरडले आणि मी भर चौकात गाडीतून उतरून चालत घरी आले. पुढे हट्टाने दुसऱ्या क्लासला जाऊन मी लायसन्स काढलं. बाबा महिनाभर बोलले नाहीत. त्यानंतर ते लायसन्स पर्समध्ये आणि मी स्कूटरवर, अशी वर्षं गेली.

त्यांच्या जुन्या वॅगन-आरमध्ये शिकवणाऱ्याच्या बाजूलाही क्लच-ब्रेक आहेत. त्या ब्रेकवर बाबांचा पाय कायम. सवय अशी हाडात मुरलेली की रिक्षात, लग्नाच्या बसमध्ये, मामाच्या नव्याकोऱ्या गाडीतही ते उजवा पाय दाबून बसत. दुसरा कुणी चालवत असताना त्यांचा कधी डोळा लागला नाही. आई सांगते, "लग्नानंतर महाबळेश्वरला गेलो, तर हे सगळा घाट ड्रायव्हरकडे बघत होते. माझ्याकडे नाही."

गेल्या पावसाळ्यानंतर डॉक्टरांनी आम्हा तिघांना समोर बसवलं आणि रिपोर्ट, वय, भूक, हवामान अशी प्रदक्षिणा सुरू केली. बाबांनी हात वर केला.

"डॉक्टर, मघापासून इंडिकेटर लावलाय तुम्ही. आता वळा."

डॉक्टर वळले. केमोचा आता उपयोग होत नाहीये, ती थांबवू. त्रास कमी ठेवता येईल. पोटात पाणी भरलं की दवाखान्यात येऊन काढून घ्यायचं आणि घरी जायचं. आईने पदर तोंडाला लावला. बाबांनी विचारलं, "म्हणजे येणं-जाणं बरंच होणार. कोण आणणार मला?"

"कॅब करू की," मी म्हणाले.

"कॅब? त्यातल्या अर्ध्या पोरांना मीच शिकवलंय. ते कसं चालवतात मला माहीत आहे." मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "तू चालव. शेवटची शिकवणी. फी माफ."

दुसऱ्या दिवसापासून आम्ही सुरू झालो. बाबांचे कपडे अंगावर लोंबायला लागलेले, पोट तेवढं पुढे, पण आवाज शाबूत. "आरशात बघ. स्वतःला नाही, मागे!" "हॉर्न कशाला? त्या म्हशीला माहितेय तू आलीयेस." मीही आता कॉलेजातली नव्हते. "बाबा, ओरडायचं असेल तर मी उतरते," म्हटलं, की ते म्हणत, "उतर, पण आधी गाडी कडेला घे. तेही तुला येत नाही." मागच्या सीटवर आई औषधांची पिशवी मांडीवर घेऊन स्तोत्र पुटपुटायची. ते त्यांच्या तब्येतीसाठी की माझ्या ड्रायव्हिंगसाठी, मी विचारलं नाही. आणि मी ब्रेक लावायच्या आत गाडी थांबायची, कारण बाबांचा पाय. मला त्याचाच राग यायचा. हा माणूस जाणार आणि जाईपर्यंत माझ्यावर भरवसा ठेवणार नाही, असं वाटायचं.

पाणी काढायला कोथरूडला गेलो होतो तेव्हाची गोष्ट. परत येताना चांदणी चौकात मी चुकले. तिथे कुणीही चुकतं, पण मी व्यवस्थित चुकले आणि वारज्याऐवजी मुळशीच्या रस्त्याला लागले. आता फुटणार बॉम्ब, म्हणून खांदे आवळून बसले.

बॉम्ब फुटला नाही. मी बाजूला बघितलं. बाबांची मान खिडकीकडे कलली होती, तोंड उघडं.

"आई!"

आईने मागून हात घालून त्यांच्या छातीवर ठेवला. तेवढ्यात बाबा घोरले. चांगलं खणखणीत. मी खाली पाहिलं. चपला काढलेल्या होत्या आणि उजवा पाय ब्रेकवर नव्हता. दोन्ही पाय सीटखाली ओढून घेऊन हा माणूस माझ्या गाडीत झोपला होता.

मी गाडी कडेला घ्यायला लागले, तशी आई हळूच म्हणाली, "थांबू नकोस. थांबलीस की उठतील."

मग मी भूगाव ओलांडलं, पिरंगुटपर्यंत गेले, तिथून गाडी वळवली. डोळे पुसायला हात मोकळा नव्हता. इतका आनंद आणि इतकं दुःख एकाच वेळी मला कधी झालं नव्हतं.

घराशी बाबा जागे झाले. त्यांनी मीटर पाहिला. "वारजं एवढं लांब कधी गेलं?"

"मी चुकले."

"हं," म्हणाले आणि चपला शोधायला लागले.

पुढच्या खेपेला मी गाडी काढून उभी होते. बाबा काठी टेकत आले आणि त्यांनी पुढचं दार सोडून मागचं उघडलं. स्वतःच्या गाडीत ते कधी मागे बसले नव्हते.

"बाबा, पुढे या ना."

"इथे पाय लांब करता येतात. शिवाय तुझी आई एकटी बसते."

"आणि तिकडचा ब्रेक?"

"तुझ्याकडे आहे की एक. पुरेल."

मी गाडी सुरू केली. बाजूची सीट रिकामी होती. पुढे ती तशीच राहणार होती. मला समोरचं काही दिसेना. क्लच सुटला, गाडीने गचका खाल्ला आणि बंद पडली.

मागून आवाज आला, "रडायचं असेल तर आधी हॅंडब्रेक लाव."