ऊपरवाला कफील

इंदूमावशींच्या दाराची बेल वाजवली की आतून खणखणीत आवाज यायचा, "घरात कोनी न्हाई!"

मग हे सांगतंय कोण, असं विचारायची सोय नव्हती. दुबईजवळच्या अजमानमधल्या आमच्या दुमजली इमारतीत त्या तळमजल्यावर राहायच्या आणि आम्ही बरोबर त्यांच्या डोक्यावर. साताऱ्याकडून व्हिजिट व्हिसावर भाच्याकडे आल्या होत्या. पुढे भाच्याची नोकरी गेली, तो बायकोमुलांना घेऊन परतला आणि मावशी मागे राहिल्या. धाकटी लेक शकू नर्सिंगला होती आणि तिचं शिक्षण अजमानच्या बॅचलर पोरांना लाटून दिलेल्या पोळ्यांवर चाललं होतं. व्हिसा केव्हाच संपला होता. पकडल्या गेल्या असत्या तर आधी तुरुंग, मग विमान, आणि शकूचं शिक्षण अर्ध्यावर.

म्हणजे कायद्याच्या दृष्टीने मावशी तिथे नव्हत्याच, आणि ही गोष्ट त्यांनी फारच मनावर घेतली होती. "मावशी, आज काय उकडतंय ना?" म्हटलं तर म्हणायच्या, "मला काय इचारतीस? मी हितं हायच कुठं!"

त्यांची बाहेरची कामं माझा नवरा विलास करायचा. विलास म्हणजे रिकाम्या रस्त्यावरही सिग्नलला थांबणारा माणूस. बेकायदा बाईला मदत करताना त्याला घाम फुटायचा, पण पिठाची पोती तोच आणायचा. मावशी त्याला 'वरचा' म्हणायच्या, आणि हिंदीत बोलायची वेळ आली की 'ऊपरवाला'. एकदा गॅसवाला पठाण दारातच सिलिंडर टेकवून म्हणाला, "अम्मा, अब ये कौन उठाएगा?" मावशी शांतपणे म्हणाल्या, "ऊपरवाला उठायेगा." पठाणाचा चेहरा पडला. "ऐसा मत बोलो अम्मा, अभी आपकी उमर क्या है!" म्हणत त्याने सिलिंडर स्वतःच आत नेऊन ठेवला.

त्या हिवाळ्यात पाऊस असा कोसळला की आमच्या गल्लीचा तलाव झाला. तिथे गटारं नावालाच. तळमजल्यांत पाणी शिरलं आणि पोलिसांची मोठी गाडी भोंग्यावरून ओरडत आली, सगळ्यांनी बाहेर या, उंचावरच्या शाळेत नेतो. आम्ही खाली उतरलो तर मावशी स्वयंपाकघराच्या ओट्यावर उभ्या, हातात लाटणं.

"मावशी, चला! बुडाल!"

"पोलिसांच्या गाडीत मी आपल्या पायानं चढू? बुडले तर हितंच ऱ्हाईन. चढले तर थेट साताऱ्याला पोचवतील!"

पाणी विलासच्या गुडघ्याच्या वर आलं होतं. तो म्हणाला, "मावशी, तुम्ही माझ्यामागून या. तुम्ही नाहीच आहात." हे मात्र त्यांना पटलं. कणकेचा डबा डोक्यावर घेऊन त्या त्याच्या पाठीला चिकटून गाडीत चढल्या.

शाळेच्या हॉलमध्ये चहा मिळाला, ब्लँकेटं मिळाली, आणि मग एक तरुण पोलीस एकेकाची ओळखपत्रं बघत यायला लागला. मावशी पदर सावरून बसल्या. असल्या प्रसंगासाठी बहिरेपणाची त्यांची तयारी जुनीच होती.

"अम्मा, बताका," तो म्हणाला. बताका म्हणजे तिथलं ओळखपत्र.

"बटाटा? बटाटा नहीं लाया. पानी में रह गया."

"कार्ड, अम्मा, कार्ड!"

"खारट? न्हाई बा! मीठ कमीच घालती मी."

पोलीस हसला. "अम्मा, हमारा ड्राइवर बंबई का था. मैं सब समझता हूँ." मग हसू आवरून त्याने विचारलं, "कफील कौन है तुम्हारा?"

ज्याच्या नावावर व्हिसा तो कफील, एवढं मावशींना पक्कं ठाऊक होतं. सोंग संपलं होतं. मावशींनी बोट वर केलं आणि जीव एकवटून म्हणाल्या, "ऊपरवाला."

माझ्या शेजारी विलासचा हात हळूहळू वर जायला लागला. सिग्नल न तोडणाऱ्या माझ्या नवऱ्याचा! मी तो दोन्ही हातांनी खाली ओढला आणि ब्लँकेटखाली दाबून धरला.

पोलिसाने मावशींच्या बोटाच्या रोखाने वर छताकडे पाहिलं. मग मावशींकडे पाहिलं. "सबका वही है, अम्मा," तो हळूच म्हणाला आणि पुढच्या माणसाकडे वळला.

त्याला काय कळलं, काय नाही, देव जाणे. मावशी मात्र विलासवर उखडल्या. "तुझं नाव सांगितलं तर त्यो मेला छताकडं बघतोय! तू हितं बसला हुतास न्हवं? बोलायला तोंड न्हवतं?"

पुढे शकू नर्स झाली. बेकायदा राहिलेल्यांना शिक्षेविना परत जाण्यासाठी सरकारने माफीची मुदत दिली, तेव्हा मावशी ताठ मानेने निघाल्या. विमानतळावर विलासच्या डोक्यावरून हात फिरवत म्हणाल्या, "वरच्या, सुटलास रे बाबा माझ्यातनं." मला रडू आवरेना.

दोनेक वर्षांनी शकूचा फोन आला. मावशी गेल्या होत्या. ती सांगत होती, "शेवटी दवाखान्यात नेलं तेव्हा मी पैसे भरायला गेले होते. डॉक्टरांनी आईला विचारलं, सोबत कोण आहे? तर तिनं बोट वर केलं. सगळ्यांना वाटलं, देवाचं नाव घेतेय. मी आल्यावर मला म्हणाली, 'अगं, देव न्हवं. अजमानचा.'"

मी विलासला हे सांगितलं. तो म्हणाला, "त्या दिवशी तू माझा हात उगाच धरलास."

"सोडला असता तर तिघंही आत गेलो असतो!"

"हो," तो डोळे पुसत म्हणाला, "पण मावशी सगळ्यांना सांगत फिरल्या असत्या, 'वरचा माझा कफील' म्हणून."