दारावरची दीदी

कोडं पटलं नाही की दीदी कीबोर्डवरचे दोन्ही हात उचलून मांडीवर ठेवायच्या आणि म्हणायच्या, "दरवाजा उघडला, चलो. पण काहून उघडला?" काहून म्हणजे का.

शहराच्या सदर भागात एका मिठाईच्या दुकानाच्या वर आमचं व्हिडिओ गेम बनवायचं ऑफिस होतं. कोडी मी रचायचो; कुठलं ठेवायचं ते दीदी ठरवायच्या. तुमच्याही ऑफिसात असं कुणीतरी असेलच, ज्याला पाहून हातातला चहा गार होतो.

माझ्या पहिल्या कोड्यात घंटा ठरावीक क्रमानं वाजवल्या की किल्ल्याचं दार उघडायचं.

"घंटीचं अन् दरवाजाचं काय नातं आहे, भैया?"

"नातं कशाला? कोडं आहे ते."

"मग खेळणारा नुसती बटणं दाबून राहणार. डोकं काहून लावणार?"

सगळे हसले. कोडं गेलं. मी सूड घ्यायचं ठरवलं.

नव्या कोड्यात फाटकात खुर्ची टाकली, तीवर पहारेकरीण बसवली. अंबाडा दीदींचा, चष्माही दीदींचा. कुठलंही बटण दाबा, ती काठी आडवी धरून विचारणार, "काहून?" उत्तर मी ठेवलंच नव्हतं, दीदींनी सगळ्यांदेखत हरावं, बस्स. वर टिंगल म्हणून, कुणी बटणं दाबून छळत नसेल तेव्हा बाई उठून चहाला जाते, असंही करून ठेवलं. दीदींना चहाची तलफ फार.

सगळ्यांना गोळा केलं. दीदींनी अंबाडा ओळखला. बटण दाबलं. "काहून?" दुसरं दाबलं. "काहून?" मागे खुसखुस सुरू झाली. एवढं सुख मला माझ्या लग्नातही झालं नव्हतं.

शेवटी कंटाळून त्यांनी हात उचलले आणि मांडीवर ठेवले.

पडद्यावरची बाई उठली, चहाला गेली. दीदी निवांत फाटकातून आत शिरल्या.

"आता तुम्ही सांगा," मी चिडून म्हणालो, "काहून उघडला?"

"ती माणूस आहे म्हणून. छळणं थांबवलं, उठली." त्यांनी चष्मा पुसला. "पहिल्यांदा तुझ्या कोड्याला अर्थ आला. इतका राग होता का रे माझा?"

मग त्यांनीही सूड घेतला. ते कोडं गेममध्ये ठेवलं आणि पहारेकरणीला स्वतःचा आवाज दिला, मला रोज ऐकू यावा म्हणून.

दीदी आता नाहीत. नवं कोडं रचलं की मी आधी ते फाटकाचं जुनं कोडं लावून बसतो. बटण दाबतो. "काहून?" पुन्हा दाबतो. "काहून?" मनसोक्त छळतो. हात मात्र उचलत नाही. उचलले की ती उठून जाते.