झाकण कुणी उघडायचं नाही!

आमच्या रटरट मंडळाचे किस्से कुणी मुद्दाम जमवलेले नाहीत. चार माणसं एका पातेल्याभोवती बसवा, पातेलं दुपारपर्यंत शिजणार नाही असं बघा, बास! बाकीचं आपोआप होतं. हल्ली कुकरच्या शिट्ट्यांत सगळं उरकतं, म्हणूनच लोकांकडे सांगायला काही उरलेलं नाही, असं माझं स्पष्ट मत आहे.

मंडळ म्हणजे आम्ही चौघं. मी पवार, जव्हारच्या एका सरकारी कचेरीतला कारकून. सलीमभाई, बाजारात पत्र्याच्या पेट्या आणि बादल्या बनवणारे. कुलकर्णी, पुण्याहून बदली होऊन आलेले बँकवाले. आणि चौथे आमचे बल्लवाचार्य, खोडाळ्याचे भोये गुरुजी. दर दिवाळीच्या सुट्टीत एक रविवार शिरपामाळावर जायचं आणि गुरुजींनी निखाऱ्यावर मंद आचेनं मटण शिजवायचं, हा आमचा नेम. मोबाईल अजून इकडे पोचले नव्हते, त्यामुळे सगळे वेळेवर यायचे!

गुरुजी पातेल्याशेजारी बांबूची काठी घेऊन बसत. कुणी झाकणाला हात लावला की काठी बोटांवर. "शाळेत मी पोरांना मारत नाही, ती कसर इथं काढतो," असं वर ऐकवायचे.

मग एका उन्हाळ्यात गुरुजींना हार्ट अटॅक आला. नाशिकला नेलं, वाचले. डॉक्टर म्हणाले, तेल-मीठ कमी करा, रोज चाला, पावसाळा सरला की शाळेत जा, काही होत नाही. पण गुरुजींनी जो धसका घेतला तो उतरेचना. ओटीवर शाल गुंडाळून बसायचे. चढावर पाऊल टाकायचे नाहीत, चुलीकडे फिरकायचे नाहीत. बोलणं म्हणजे "बरं" आणि "राहू द्या", एवढंच.

त्यांच्या घरच्या, यमुनावहिनी, आम्हाला म्हणाल्या, "औषधां चालू हायत भाऊजी, पन मानूसच बंद पडलाय. दिवाळीची सुट्टी संपली तरी शाळेत जायचा नाय म्हनतात."

आम्ही तिघांनी तिथंच ठरवलं. येत्या दिवाळीच्या सुट्टीत गुरुजींना पातेल्याशेजारी बसवायचंच! त्यांना चालेल असं कमी तेलाचं, सावकाश शिजवलेलं जेवण आपण शिकायचं. आमच्यापैकी एकालाही धड चहा करता येत नव्हता, ही अडचण तेव्हा कुणाच्या ध्यानात आली नाही.

*

सुरुवात तेलापासून झाली. गुरुजींना डॉक्टरांनी तेल चमच्यानं मोजून घ्यायला सांगितलं होतं. सोबत म्हणून आम्हीही तसंच खायचं ठरवलं. कुलकर्णी लगेच तयार झाले. सलीमभाईंचा चेहरा मात्र पडला. त्यांच्या घरी रश्श्यावर बोटभर तवंग नसेल तर पाहुणे रागावतात.

पुढच्या रविवारी सलीमभाई स्वतः घडवलेला एक चमचा घेऊन आले. सुबक काम, लांब दांडा, कडेला नक्षी. फक्त आकार आमटीच्या पळीपेक्षा मोठा!

"सलीमभाई, हा चमचा?" कुलकर्णी किंचाळलेच.

"डॉक्टरनी चमचा बोलला ना? साइज कुठं बोलला?"

त्यांच्या घरच्या भाभींनी त्याच दिवशी तो चमचा काढून घेतला आणि दुकानाच्या दारात टांगला. आठवड्याभरात एका आश्रमशाळेकडून वाढपासाठी तसल्या डझनभर चमच्यांची ऑर्डर आली. सलीमभाई अजून सांगतात, पथ्य पाळलं की बरकत येते!

*

कुलकर्ण्यांची बहीण अमेरिकेत. तिनं भावासाठी विजेचा स्लो कुकर आणला. सकाळी भाज्या टाकायच्या, बटण दाबायचं, संध्याकाळी काढायच्या. तेल नाही, करपणं नाही. आम्हाला तर स्वर्ग हाती लागल्यासारखं झालं.

अडचण एकच. तो चालायचा अमेरिकेच्या विजेवर, म्हणजे आपल्या निम्म्या व्होल्टेजवर. कुलकर्णी हळहळत बसले. मी म्हटलं, "साहेब, काळजी कसली? माझं घर पिठाच्या गिरणीला लागून आहे. गिरणी चालू झाली की माझ्या घरातला बल्ब मेणबत्तीएवढा जळतो. अमेरिकेची वीज आपल्याकडे रोज येते!"

झालं. गिरणी सुरू झाल्यावर आम्ही भोपळा, शेंगा आणि मूग टाकून बटण दाबलं. आणि काय सांगू, चालला की! मंद मंद वाफ, घरभर वास. कुलकर्णी कौतुकानं म्हणाले, "पवार, हे पुण्यात शक्य नव्हतं."

तेवढ्यात गिरणीवाल्याच्या घरून निरोप आला, पाहुणे आलेत. त्यानं गिरणी बंद केली. बल्ब लख्ख पेटला आणि कुकरानं असा काही आवाज केला की भिंतीवरची पाल खाली पडली.

काळा धूर निवळल्यावर गिरणीवाला दारात उभा. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि अगदी मनापासून म्हणाला, "मला आधी सांगायचं ना! मी पाहुण्यांना थांबवून ठेवलं असतं."

*

मग आम्ही मुकाट्यानं मातीच्या मडक्यावर आलो. भाद्रपदात पावसानं जरा उघडीप दिली, तेव्हा शिरपामाळावर रंगीत तालीम ठेवली. मडक्यात वाल, खाली निखारे. चार तासांत मऊसूत व्हायला हवे होते.

पण काठी घेऊन बसणारे गुरुजी नव्हते ना! कुलकर्णी येऊन झाकण उघडायचे, "फक्त वास घेतो." सलीमभाई उघडायचे, "झाकण बराबर बसलंय का बघतो, आपला धंदाच आहे." मी उघडायचो ते या दोघांनी काही बिघडवलं का ते बघायला. मुंबईहून फिरायला आलेलं एक कुटुंब डोकावलं, तर त्यांना दाखवायला आम्ही तिघांनी मिळून उघडलं! त्यांच्यातल्या आजींनी एक वाल दाबून पाहिला आणि विचारलं, "पेरणीसाठी ठेवलेत का?"

सूर्य कलला तरी वाल जसेच्या तसे. आम्ही बिस्किटं खाल्ली, वाल तिथंच उताराला फेकले आणि खाली आलो. पुढच्या पावसाळ्यात त्या उतारावर वालाचे वेल चढले होते. खोटं नाही सांगत, इतके कच्चे राहिले होते ते!

*

उघडता येणार नाही असंच काहीतरी हवं, हे आता सगळ्यांना पटलं. सलीमभाईंनी एक भक्कम पत्र्याची पेटी केली, आत भाताचा पेंढा दाबून भरला. डाळीला घरी एक उकळी आणायची, पातेलं पेंढ्यात पुरायचं, पेटीला कुलूप ठोकायचं. बाकीचं आपल्याच उष्णतेवर शिजतं. किल्ली सलीमभाईंनी घरी भाभींकडे ठेवली आणि दुसरी यमुनावहिनींकडे आधीच पोचवली. आमच्यावर कुणाचाच भरवसा उरला नव्हता.

दसऱ्यानंतरच्या एका गारठ्याच्या सकाळी ती पेटी घेऊन आम्ही खोडाळ्याच्या एसटीत चढलो. मधल्या पाड्यावर एक म्हातारी चढली. जागा नव्हती, ती पेटीवरच बसली. जरा वेळानं सुखावून म्हणाली, "बाबा, पेटी बरी गरम लागते रे."

कंडक्टरचे कान टवकारले. "काय आहे पेटीत?"

"डाळ," मी म्हटलं.

"मग गरम का?"

"शिजतेय."

सगळी गाडी पेटीकडे वळली! कंडक्टर ओरडला, "माझ्या गाडीत स्टोव्ह? उघडा आधी!" किल्ली खोडाळ्यात आहे म्हटल्यावर त्याचा संशय आणखी वाढला. शेवटी त्यानं पेटीला कान लावला, चारी बाजूंनी वास घेतला, तळाला हात लावून पाहिला.

"आत विस्तव नाही?"

"नाही. नुसता पेंढा."

"आणि तरी शिजते?"

"शिजते."

त्यानं टोपी मागे सरकवून डोकं खाजवलं. मग म्हणाला, "आमच्या कँटीनवाल्याला जरा भेटता का? त्याच्याकडे विस्तव असून शिजत नाही!"

घाटाच्या वळणांनी डाळ अशी घोटली गेली होती की रवी लावायची गरज पडली नाही. आम्ही मोठ्या आशेनं गुरुजींपुढे वाटी ठेवली. त्यांनी दोन घास घेतले. "बरं आहे," म्हणाले आणि वाटी सरकवून शाल ओढून घेतली.

मला रडूच यायचं बाकी होतं. यमुनावहिनी दाराआडून बघत होत्या. डाळीकडे नाही, गुरुजींच्या तोंडाकडे. निघताना म्हणाल्या, "आता दिवाळीचां पातेलां माज्या अंगनात मांडा. तेंच्या डोळ्यांसमोर. सुट्टीतला शेवटचा रविवार धरा, सोमवारी शाळा उघडते."

*

तो रविवार उजाडला. माझ्या बायकोनं पहाटे उठून एक पुरचुंडी बांधून दिली. सोललेला लसूण, आलं, मिरच्या, ओवा आणि आमसुलं. "तेल नाही तर चव यातूनच येणार, विसरू नका," असं तिनं बजावलं. खोडाळ्याला पोचल्याबरोबर मी ती वहिनींच्या हातात दिली.

"टाकते," म्हणाल्या. "तुमी जावा, सरपन आना."

आम्ही परत येतो तो वहिनींनी मडकं भरलं होतं. वाल, कंद, रताळी, भोपळा, शेंगा. झाकणाभोवती नागलीचं पीठ भिजवून लिंपलेलं. "आता झाकन कुनी उघडायचां नाय!" सलीमभाईंनी गुरुजींची जुनी काठी शोधून आणली आणि हातात धरून बसले, पण त्यांना ती शोभेना. गुरुजी ओटीवरून आमच्याकडे बघत होते.

दुपारी लिंपण फोडलं. वाफ आली, सगळं लोण्यासारखं मऊ झालेलं. आम्ही एकमेकांना टाळ्या दिल्या. मग पहिला घास घेतला.

काय सांगू! चव म्हणून नव्हती. ओला कागद चावल्यासारखं लागलं. पण समोर गुरुजी. कुलकर्णी घास गिळून म्हणाले, "वा! किती सात्त्विक!" सलीमभाई म्हणाले, "हलकं आहे, एकदम हलकं." मी नुसती मान हलवली, कारण तोंड उघडण्याची हिंमत नव्हती.

गुरुजींनी घास घेतला. चावला. थांबले. ताट खाली ठेवलं.

"हे कुणी केलं?"

इतक्या महिन्यांत त्यांनी विचारलेला तो पहिला प्रश्न.

"आजारी मी आहे की तुम्ही? तुमच्या जिभांना काय झालंय? वालाला लसूण नाही? ओवा नाही?"

"पथ्याचं आहे ना, गुरुजी," कुलकर्णी चाचरले.

"पथ्य तेलाचं सांगितलंय, चवीचं नाही!" गुरुजी असे गरजले की अंगणातल्या कोंबड्या पळाल्या. "लसूण कुठंय?"

वहिनी निखारे सारखे करत शांतपणे म्हणाल्या, "घरात नाय. वरच्या वाफ्यात पात हाय."

वरचा वाफा म्हणजे घरामागचा चढ. मी ताडकन उठलो.

"बसा भाऊजी," वहिनी म्हणाल्या. "तुमाला पात नि गवत कळायचां नाय."

"त्याला कशाला कळतंय!" गुरुजी म्हणाले आणि उतरले की खाली. शाल ओटीवरच राहिली.

आम्ही तिघं बघत होतो. अर्ध्या चढावर गुरुजी थांबले, गुडघ्यावर हात ठेवला. सलीमभाईंच्या तोंडून "या अल्लाह" निघालं. वहिनींनी वर बघितलं नाही, पण त्यांच्या हातातला चिमटा थांबला. मग गुरुजींनी कंबरेवर हात ठेवला, एकदा आभाळाकडे बघितलं आणि उरलेला चढ चढून गेले. चिमटा पुन्हा हलायला लागला.

मूठभर पात आणि मिरच्या घेऊन ते आले, पाट्यावर बसले, आमच्या सात पिढ्यांचा उद्धार करत वाटण वाटलं आणि मडक्यात ढवळून पुन्हा झाकण ठेवलं. सलीमभाईंच्या हातातून काठी ओढून घेतली. कुलकर्णी सवयीनं झाकणाकडे सरकले. सट्ट!

"आई गं!" कुलकर्णी बोटं चोळत ओरडले, आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. मला ते काठीचं वाटलं नाही, कारण माझ्याही डोळ्यांत आलं होतं आणि मला तर काठी लागलीच नव्हती!

त्या दिवशी आम्ही मडकं बोटानं पुसून खाल्लं. शेवटच्या एसटीची वेळ झाली. ताटं द्यायला मी मागच्या दारी गेलो, तर वहिनी मडकं विसळत होत्या. शेजारी दगडावर माझ्या बायकोची पुरचुंडी. गाठ तिनं मारली होती तशीच.

"वहिनी, ही तर..."

वहिनींनी पदराला हात पुसले, पुरचुंडी उचलली आणि कमरेला खोचली.

"ऱ्हाऊ द्या भाऊजी. उद्या तेंच्या शाळेच्या डब्याला लागंल."